टेलच्या गावानं ठराव द्यावा का?

(वाचकांचे पाणीविषयक प्रश्न. उत्तरे देणारे पाणीपुरवठा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले असून सांगलीत राहतात.)

प्रश्न : साहेब, सप्रेम नमस्कार. मी जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावचा ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्यासह अकरा गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या मिळून एक प्रादेशिक नळपाणी योजना करायचं चाललंय. म्हैसाळच्या पाण्यानं भरणाऱ्या तलावातून पाणी उचलायचं, टेकडीवर शुद्धीकरण केंद्र बांधायचं आणि तिथून उतारानं सगळ्या गावांना द्यायचं. आज लोकसंख्या २४ हजार आहे, पुढची वाढ धरून ३२ हजार. चढाची लाईन १४ किलोमीटर, २५० मिलिमीटर डीआय (चिवट बिडाचा) पाईप, चढ १०० मीटर. आमचं गाव लाईनीच्या अगदी शेवटी येतं. गावची विहीर मार्चपर्यंत पुरते, पुढं टँकर. पुढच्या ग्रामसभेत ठराव द्यायचा आहे. निम्मं गाव म्हणतंय देऊन टाका, निम्मं विचारतंय की टेलला कधी पाणी आलंय का. अंदाजपत्रकाच्या दोन पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. काय करावं?

उत्तर : ठराव द्या, पण कोरा देऊ नका. ‘योजनेस या ग्रामसभेची सहमती आहे’ एवढी एकच ओळ बहुतेक गावं लिहून देतात. ठरावात अटी घालता येतात आणि त्या घालायची वेळ हीच आहे, कारण आत्ता समोरच्यांना तुमची सही हवी आहे. एकदा पाईप पुरले की गरजू तुम्ही असाल.

झेरॉक्स वाचली. आधी चांगलं काय ते सांगतो. केंद्र टेकडीवर घेतलंय हे शहाणपणाचं आहे. गढूळ पाणी एकदाच वर चढवायचं, तिथं स्वच्छ करायचं, पुढं सगळा उतार. केंद्र तलावाच्या काठाला घेतलं असतं तर गढूळ पाण्याचा एक उपसा आणि शुद्ध पाण्याचा दुसरा, अशा दोन पंपघरांची बिलं आली असती. फक्त टेकडीवर जाणारा, पावसाळ्यात टिकणारा रस्ता अंदाजपत्रकात धरलाय का ते बघा. या दोन पानांत तरी तो दिसत नाही. तुरटीची पोती कुणी डोक्यावरून वर नेत नाही, मग चार महिने पाणी बिनतुरटीचंच खाली येतं.

अकरा गावांना मिळून एक केंद्र, हेही मला पटतं. छोट्या गावाला फिल्टर बांधून मिळतो, चालवणारा मिळत नाही. वाळू कधी धुवायची, तुरटी आज किती टाकायची हे कळणारा माणूस पगारावर ठेवणं एकट्या गावाला झेपत नाही. अकरांना झेपतं, जर अकराही जण पैसे भरत असतील तर. त्याकडे येतोच.

आधी पाणी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि तुमचा आड दुसऱ्याच्या पाण्यावर भरणारा. म्हैसाळ योजना मिरज तालुक्यात कृष्णेतून पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कवठेमहांकाळ, जतकडं आणते. ते पाणी आवर्तनानं, म्हणजे पाळीपाळीनं सोडलेलं येतं, नदीसारखं बारमाही नाही. आता तुमची रोजची गरज काढू. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर. ३२ हजार माणसांचे झाले १७ लाख ६० हजार लिटर. वाटेतली गळती पंधरा टक्के धरली की तलावातून रोज सुमारे २१ लाख लिटर उचलावे लागतील. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती सगळ्यांना आठवत असेल. तिला ५० वाघिणी लागल्या की २५ लाख लिटर भरायचे. म्हणजे तुमच्या योजनेला त्यातल्या ४२ वाघिणी रोज हव्यात, सणवार, रविवार धरून.

उन्हाळ्यात दोन आवर्तनांमध्ये ७५ दिवसांचं अंतर पडलं असं धरा. तेवढ्या दिवसांचं पिण्याचं पाणी होतं पावणेसोळा कोटी लिटर, म्हणजे तलावाच्या हिशोबात साधारण साडेपाच दशलक्ष घनफूट. वरून ऊन. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये तलावाचं पाणी दिवसाला सात मिलिमीटर तरी उडतं. पाण्याचा पसारा दहा हेक्टर असेल तर ७५ दिवसांत सव्वापाच कोटी लिटर नुसते उडून जातील. अकरा गावं जेवढं पिणार, त्याचा तिसरा हिस्सा. काठावरच्या शेतीपंपांचा हिशोब मी अजून धरलेलाच नाही, आणि तळाच्या गाळातलं पाणी तर जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपाच्या विहिरीत, येतच नाही.

म्हणून ठरावातली पहिली अट : तलावात पिण्यासाठी किती दशलक्ष घनफूट पाणी राखीव आहे, याचं पाटबंधारे खात्याचं लेखी पत्र योजनेच्या कागदांत जोडलेलं असावं, आणि त्या पातळीखाली शेतीचा उपसा बंद करण्याची जबाबदारी कुणाची तेही त्यात असावं. ‘पाण्याची उपलब्धता आहे’ हे वाक्य चालणार नाही. आकडा पाहिजे.

एक गोष्ट अंदाजपत्रकात कुठंच नसते, ती म्हणजे जनावरं. ५५ लिटर हे माणसाचं माप आहे. दुभती म्हैस उन्हाळ्यात साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते, म्हणजे तिचा वाटा तिच्या मालकापेक्षा मोठा. जत तालुक्यात नळाचं पाणी दावणीला जाणार नाही असं ज्याला वाटतं त्यानं जत तालुका पाहिलेला नाही. तुमची विहीर इथं कामाला येते, ते पुढं सांगतो.

आता वीजबिल. घोडं इथंच पेंड खातं. साताऱ्याला कासचं पाणी डोंगरावरून उतारानं येतं, तिथं हा प्रश्नच नाही. आपल्या नशिबी चढ आहे. तुमचा सरळ चढ १०० मीटर, पाईपमधल्या घर्षणाचे माझ्या हिशोबानं २० मीटर, मिळून १२० मीटर. एवढ्या उंचीवर एक हजार लिटर पाणी चढवायला, पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर अर्धा युनिट वीज लागते. आजच्या २४ हजार लोकांसाठी, गळतीसकट, रोज साडेपंधरा लाख लिटर उचलायचे. म्हणजे रोज पावणेआठशे युनिट. दर तुमच्या पंचायतीच्या बिलावरून घ्या. मी हिशोबापुरता ८ रुपये धरतो. दिवसाला सव्वासहा हजार, वर्षाला पावणेतेवीस लाखांच्या आसपास. घरात पाच माणसं धरली तर ४,८०० घरं. दर घरी वर्षाला पावणेपाचशे रुपये झाले नुसत्या विजेचे. ऑपरेटर, वॉचमन, व्हॉल्व्हमन यांचे पगार, तुरटी, क्लोरीन, फुटलेली लाईन, जळालेली मोटर हे सगळं मिळून आणखी तेवढंच तरी होतं. घरटी हजार रुपये धरून चला.

हजार रुपये परवडतात हो. महिन्याला एका टँकरवर वाडी-वस्तीचं माणूस त्याहून जास्त घालवतं. अडचण ही की हे हजार रुपये सगळ्या घरांनी भरले तरच पुरतात. निम्म्यांनी भरले तर भरणाऱ्याच्या डोक्यावर दोन हजार बसतात, आणि मग तोही म्हणतो, मीच कशाला? गावातल्या कामाच्या दहा टक्के लोकवर्गणीवरून ग्रामसभेत तासभर वाद झालेला मी कितीदा ऐकलाय. ती एकदाच द्यायची असते. दरवर्षीच्या बिलाबद्दल त्या सभेत कुणी तोंड उघडत नाही.

वीजबिलाची मेख पाईपच्या मापात असते, हेही लोकांना ठाऊक नसतं. कामाचा खर्च बसवायचा म्हणून ऐनवेळी २५० चा पाईप २०० वर आणतात. दिसायला पाच सेंटिमीटरचा फरक. पण व्यास कमी केला की पाण्याचं घर्षण त्याच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं, त्यामुळं २० मीटरचं घर्षण ६० मीटर होतं. एकूण १२० चे १६० मीटर झाले, बिल एक तृतीयांशानं वाढलं, आणि हे पुढची तीस वर्षं, कारण पाईप आपण तीस वर्षांच्या हिशोबानं पुरतो. पाईपवर वाचवलेले पैसे एका खात्यातून वाचतात आणि बिलाचे पैसे गावाच्या खिशातून जातात, म्हणून ही काटकसर कुणाला खुपत नाही. ठरावात लिहा : उर्ध्ववाहिनीचा (चढाच्या लाईनीचा) व्यास बदलायचा असेल तर बदललेल्या वार्षिक वीजखर्चाचा तक्ता सर्व ग्रामपंचायतींपुढं ठेवून मगच बदलावा.

यानंतर मीटर. माझ्या मते सगळ्या योजनेत याहून महत्त्वाची वस्तू नाही, आणि एकूण खर्चात तिची किंमत चिल्लर असते. नोकरीत असताना एका जुन्या योजनेची वीज थकबाकीपायी तोडली होती, तेव्हाची बैठक सांगतो. पंचायत समितीच्या सभागृहात सगळे सरपंच बसलेले. वरच्या गावाचा सरपंच म्हणाला, आम्ही लोकसंख्येप्रमाणे वाटा देऊ. टेलचा म्हणाला, पाणी आलंच नाही तर लोकसंख्या मोजून काय करता? मी रजिस्टर मागवलं. त्यात सगळ्या गावांपुढं रोजचा एकच आकडा, एकाच पेनानं, एकाच हातानं, महिनाअखेरीपर्यंत भरलेला. गावांच्या टाक्यांवर जाऊन बघितलं तर मीटरच्या काचेआत दव साचलेलं, काटा गंजून बसलेला. काही ठिकाणी मीटर काढून त्या जागी पाईपचा सरळ तुकडा जोडलेला. कुणी किती पाणी घेतलं हे कुणालाच सिद्ध करता येईना, त्यामुळं सगळेच खरे बोलत होते आणि बिल कुणाच्याच नावावर पडत नव्हतं.

तेव्हा प्रत्येक गावाच्या टाकीच्या तोंडाशी एक मोठं मीटर, कुलूपबंद चेंबरमध्ये, आणि त्याचं वाचन दर आठवड्याला गावचा जलसुरक्षक (गावचं पाणी बघणारा पंचायतीचा माणूस) व योजनेचा माणूस यांनी मिळून, दोघांच्या सहीनं. बिलाचा वाटा लोकसंख्येवर नाही, मीटरवर. वाचनाचा कागद सगळ्या अकरा पंचायतींच्या फलकावर लागला पाहिजे. शेजारच्या गावानं किती पाणी घेतलं हे वाचायला माणसं पेपरपेक्षा आधी धावतात, हा माझा अनुभव आहे.

आता टेलचं. तुमच्या गावकऱ्यांची भीती खरी आहे. उताराच्या लाईनवर पहिल्या गावानं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की दाब तिथंच संपतो. याला भाषणानं उपाय होत नाही, लोखंडानं होतो. एक, मुख्य लाईनवरून कुठंही थेट नळजोड नाही. आधी गावच्या टाकीत पाणी, मग टाकीतून गावात. दोन, प्रत्येक टाकीच्या तोंडाशी प्रवाह मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह, ठरल्या लिटरच्या वर पाणी सोडतच नाही असा, आणि टाकी भरली की आपोआप बंद होणारा फ्लोट. वरच्या गावाची टाकी रात्रभर वाहत राहते आणि खालची कोरडी, हे निम्मं या फ्लोटनं थांबतं. तीन, टंचाईत टाक्या भरण्याचा क्रम शेवटाकडून वर. कालव्याला ‘टेल टू हेड’ हा शब्द आपले शेतकरी रोज वापरतात. पिण्याच्या लाईनलाही तो लावायला हरकत काय?

शेवटी तुमची विहीर. नळ आला की विहिरीची मोटर काढून विकायची आणि आडावर कचरा टाकायचा, ही आपल्याकडची रीत. तसं करू नका. मार्चपर्यंत टिकणारी विहीर म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने. ते पाणी जनावरांच्या हौदाला आणि धुण्याला वेगळ्या नळानं ठेवा; जनावरांचं गणित तिथं सुटतं आणि लाईन फुटली त्या आठवड्यात गाव टँकरवर जात नाही. मात्र विहिरीचा पाईप योजनेच्या टाकीला जोडायचा नाही, कुणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी. शुद्ध पाण्यात अशुद्ध मिसळण्याची ती सर्वांत सरळ वाट आहे.

योजना चालवायला अकरा गावांची शिखर समिती होईल. तिच्यात टेलच्या गावाचा एक सदस्य कायमचा असावा, आणि योजनेचं बँक खातं एकच, सह्या दोन गावांच्या, हेही ठरावात टाका. पंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी-स्वच्छतेसाठी बांधलेला हिस्सा असतो. त्यातून काय भागेल हे ग्रामसेवकांकडून आधी समजून घ्या, म्हणजे पहिल्या थकबाकीच्या नोटिशीला धावाधाव होणार नाही.

प्रश्न : दादा, आम्ही खानापूर तालुक्यातल्या महिला बचत गटाच्या बायका. गावचं बोअरचं पाणी खारं आहे, तपासलं तर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला १८०० मिलिग्रॅम आला. डाळ शिजत नाही. गटानं आरओ बसवून २० लिटरचे जार विकायला सुरुवात केली, बरं चाललंय. आता मोठी योजना येणार म्हणतात. शुद्धीकरण केंद्र झालं की खारं पाणी गोड होईल का? आणि आमच्या आरओचं काय?

उत्तर : ताई, केंद्र खारं पाणी गोड करत नाही. तिथं काय होतं ते थोडक्यात सांगतो : पाण्यात तुरटी टाकून ढवळतात, गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, खाली बसतात. उरलेले वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतात. शेवटी क्लोरीन. गाळ आणि जंतू जातात. विरघळलेलं मीठ, क्षार, फ्लोराइड जसेच्या तसे पार होतात.

पण तुमच्याकडं येणारं पाणी बोअरचं नसेल, कृष्णेचं असेल. नदीच्या पाण्यात मुळातच क्षार कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमचं १८०० हे त्या चालवून घेण्यातलं. नदीचं पाणी आलं की डाळ शिजेल.

केंद्र नीट चालतंय का हे बघायचं असेल तर गटाच्या चौघी-पाचजणी पावसाळ्यात तिथं जा आणि जार टेस्ट दाखवा म्हणा. काचेची सहा भांडी ओळीनं असतात, प्रत्येकात तेच गढूळ पाणी आणि तुरटी वेगवेगळी. यंत्राच्या पात्यांनी आधी जोरात, मग हळू ढवळतात. एखाद्या भांड्यात फाटलेल्या दुधासारखे गोळे दिसायला लागतात आणि थांबवल्यावर भराभर खाली बसतात, वर नितळ पाणी. त्या दिवशीचा तुरटीचा डोस तो. पहिल्या भांड्यात कमी पडलेली असते, शेवटच्यात जास्त होऊनही पाणी धुरकटच राहतं. जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ, असं नाही. यंत्रावर धूळ बसलेली दिसली तर समजा, तुरटी पोत्याच्या अंदाजानं पडतेय.

आणि नळाला पाणी आल्यावर जलसुरक्षकाकडून गावातल्या शेवटच्या नळाची ओटी टेस्ट (क्लोरीन शिल्लक आहे का ते बघायची तपासणी) करून घ्या. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं पाहिजे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळाला शिल्लक असावं असं मानक सांगतं. लांबच्या लाईनीत ते वाटेतच संपतं, म्हणून गावच्या टाकीवर पुन्हा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर द्यावी लागते. २५ टक्के ताकदीची पावडर असेल तर लाख लिटरला एक मिलिग्रॅमच्या डोससाठी ४०० ग्रॅम. उघड्या पोत्यातली जुनी पावडर असेल तर हा हिशोब विसरा, तिच्यात वासापलीकडं फारसं उरत नाही.

आरओबद्दल खरं सांगायचं तर धंदा कमी होईल. नवीन मेम्ब्रेनसाठी (आरओच्या आतल्या गाळणपडद्यासाठी) कर्ज काढू नका. आहे तेवढं चालवा, आणि तोवर आरओमधून बाहेर पडणारं खारट पाणी कुठं जातंय ते बघा. गावातल्या साध्या यंत्रात गोड पाण्याइतकंच किंवा जास्त पाणी तसं बाहेर पडतं. योजनेच्या पाणीपट्टीची वसुली काही ठिकाणी बचत गटांकडं देतात, कमिशनवर. जारच्या वहीवर उधारी सांभाळणाऱ्या बायकांना ते काम जमेल. शिखर समितीकडं आत्ताच अर्ज टाकून ठेवा.

प्रश्न : तासगाव तालुका. माझ्या द्राक्षबागेच्या बांधावरून प्रादेशिक योजनेची लाईन नेणार आहेत आणि तिथंच एअर व्हॉल्व्ह येणार. मी जागा देतोय तर मला त्या व्हॉल्व्हवरून एक इंची कनेक्शन मिळेल का? पाहुण्यांकडं एकानं घेतलंय.

उत्तर : मिळणार नाही, आणि पाहुण्यांनी घेतलंय ते चोरून घेतलंय. एअर व्हॉल्व्ह लाईनीच्या उंचवट्यावर बसवतात, कारण हवा तिथं गोळा होते. ती निघाली नाही तर पाण्याची वाट अडते, पंप चालू असूनही पुढं धार बारीक. आत एक चेंडू असतो. पाणी आलं की तो वर चढून तोंड बंद करतो. लोक काय करतात, त्यात खडा किंवा काडी घालतात, म्हणजे तो बसत नाही आणि पाणी फवारत राहतं. भोवती चिखल, त्यात म्हशी, शेळ्या, कळश्या. पंप बंद झाला की लाईनीत पोकळी होते आणि तोच चेंडू उघडून हवा आत घेतो. चेंबर तुडुंब भरलेलं असेल तर हवेऐवजी तो चिखल, त्यातल्या शेणामुतासकट, आत जातो. केंद्रात गाळून, क्लोरीन देऊन पाठवलेलं पाणी तुमच्या बांधावर असं नासतं.

तुमचा हक्क दुसरा आहे, तो मागा. चर खणण्याआधी बागेचा पंचनामा, नुकसानभरपाई लेखी, आणि काम छाटणीच्या आधी की नंतर याची तारीख. जेसीबीनं ओळीच्या अगदी कडेनं चर घेतला तर मुळं तुटतात आणि त्याचा परिणाम पुढच्या हंगामाला दिसतो, म्हणून रस्त्याच्या हद्दीतून लाईन नेता येते का ते आधी विचारा. चेंबरला कठडा आणि झाकण बांधून मागा. बाजूचं पावसाचं पाणी आत यायला नको. शेजारच्या वस्तीवरच्या जनावरांसाठी गावच्या टाकीवरून हौद काढून द्यावा, अशी मागणी पंचायतीकडं करा. हौद झाला की व्हॉल्व्हकडं कुणी फिरकत नाही.

प्रश्न : पलूस तालुका, कृष्णाकाठ. आमच्या सात गावांच्या योजनेचं जॅकवेल नदीत घेतायत. महापुरात मोटारी बुडतात आणि भोवती पाणीच पाणी असताना प्यायला पाणी नसतं. यावर काही करता येतं का?

उत्तर : येतं, आणि फार खर्चाचंही नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी धरतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या काठाचा आकडा वेगळा असणार, पण पातळी २०१९ चीच धरा. पंपघराची फरशी, स्टार्टर पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मरचा ओटा तिच्या मीटरभर तरी वर हवा. जॅकवेल उंच बांधतात आणि ट्रान्सफॉर्मर मात्र खाली बांधावर ठेवतात, असं होतं, म्हणून नकाशात तिन्हींची पातळी वेगवेगळी लिहून मागा. पंपघरापर्यंतचा पूलही तेवढाच उंच हवा, नाहीतर ऑपरेटर होडीची वाट बघत बसतो.

पुराच्या पाण्यात गाळ नेहमीच्या कितीतरी पट असतो. केंद्रात त्या दिवसांसाठी तुरटीचा जादा साठा आणि गाळ काढायची सोय आहे का ते तपासा, नाहीतर पंप चालू राहूनही फिल्टर तासाभरात तुंबेल. २०१९ च्या पाण्याच्या खुणा गावात अजून भिंतींवर असतील. दिवाळीचं रंगकाम निघण्याआधी सर्व्हेवाल्याला बोलावून त्यांची लेव्हल घेऊन ठेवा.